चार ॲप, चार आकडे, एक लेक

प्रश्न: डॉक्टर, आम्ही चिंचवडला राहतो. मुलगा दहा वर्षांचा आहे, सहाव्या वर्षापासून त्याला दमा आहे. मागच्या थंडीत दोनदा मध्यरात्री दवाखान्यात पळावं लागलं, तेव्हापासून मी धास्तावले आहे. यांनी माझ्या मोबाइलवर हवेची आणि हवामानाची चार ॲप टाकून दिली. सकाळी उठले की चहाच्या आधी तीच बघते. एकात ९५ असतं, दुसऱ्यात त्याच वेळी १५० च्या वर. एक हिरवं, एक लाल. लाल दिसलं की मी त्याला फुटबॉलला पाठवत नाही, तो रुसून बसतो. हिरवं असलं की रोजचा पंप देत नाही. सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागते, आणि मलाही वाटतं, हवा चांगली असताना औषध कशाला? माझी नणंद मेलबर्नला असते. तिकडे म्हणे वादळामुळे दमा उसळणार का, याचा अंदाज सरकार देतं. आपल्याकडे असं काही आहे का? कोणतं ॲप खरं धरू? आणि त्याचं फुटबॉल बंदच करू का?
– एक आई, चिंचवड

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. हिरवं असलं की रोजचा पंप देत नाही. ॲपचं सांगते, फुटबॉलचं आणि मेलबर्नचंही सांगते, पण आधी हे. आज रात्रीपासून तो पंप परत सुरू करा. तुमच्या डॉक्टरांनी जसा लिहून दिलाय तसा, रोज, बाहेर हवा कशीही असो.

दम्याच्या मुलाच्या श्वासनळ्यांना आतून सूज असते. मूल हसतंखेळतं असतं, छाती वाजत नसते, तेव्हाही ती थोडीफार असतेच. रोजचा पंप ही सूज उतरवतो, आणि ती नीट उतरायला त्याला काही आठवडे लागतात. म्हणून आज चुकवलेल्या डोसाचं आज काहीच दिसत नाही. उद्याही दिसत नाही. मग एखाद्या पहाटे पारा उतरतो, कोपऱ्यावर कुणीतरी पालापाचोळा पेटवतं, वर्गातली सर्दी दप्तराबरोबर घरी येते, आणि सुजलेली नळी आवळते. मागच्या थंडीतल्या त्या दोन रात्रींच्या आधीचे तीन आठवडे आठवून पाहा. पंपात किती खंड पडला होता? दोष द्यायला विचारत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत हेच होतं आणि मुलावरच्या मायेपोटीच होतं.

दुसरा पंप, बहुतेक वेळा निळा, तो वेगळा. त्यातलं साल्ब्युटामॉल पाच-दहा मिनिटांत नळी मोकळी करतं, चार-सहा तास टिकतं आणि सुजेला हातही लावत नाही. त्याने लगेच बरं वाटतं म्हणून घरोघरी तोच आवडता होतो. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा निळा पंप लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असं आम्ही समजतो, मग ॲप कितीही हिरवं असो.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांच्या हातात पंपाचं खोकं द्या. त्यावर आतल्या स्टेरॉइडचे मायक्रोग्रॅम लिहिलेले असतात, एका पफला, म्हणजे एका फवाऱ्याला, साधारण १०० किंवा २००. अटॅक आल्यावर दवाखान्यात तोंडाने जे स्टेरॉइड द्यावं लागतं, ते मिलिग्रॅममध्ये असतं, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. पंपाचं थेंबभर औषध जिथे लागतं तिथेच पोचतं. त्यांनी लहानपणी पंप पाहिला असेल तो अगदी थकलेल्या, शेवटाला आलेल्या माणसाच्या हातात, त्यामुळे पंप म्हणजे शेवट हे मनात बसलंय. त्यांची काळजी खरी आहे, तिचा मान ठेवा. डोस कमी करता येतो हेही त्यांना सांगा. दमा तीनेक महिने आटोक्यात राहिला की आम्ही एकेक पायरी उतरवतो. फक्त ते छाती तपासून ठरवायचं असतं.

आता तुमचे चार आकडे.

ती ॲप एकमेकांना खोटं पाडत नाहीत, त्यांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. हवेत पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असले तर आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पट्टीवर निर्देशांक येतो १००. त्याचं नाव 'समाधानकारक', रंग फिकट हिरवा. हीच हवा अमेरिकेच्या पट्टीवर ठेवली की आकडा १५० च्या पुढे जातो आणि रंग लाल होतो. परदेशी कंपन्यांची बरीच ॲप ती अमेरिकन पट्टी वापरतात. तापाचं कसं, थर्मामीटर बदलला की १०२ चा ३८.९ होतो, पोराचं अंग तेवढंच तापलेलं असतं. तसंच हे.

दुसरा घोळ वेळेचा. आपल्या निर्देशांकात कणांची मागच्या २४ तासांची सरासरी असते. सकाळी सातला तुम्ही जो आकडा बघता, त्यात कालची दुपार आणि कालची संध्याकाळही मिसळलेली असते. सातला मैदानावर धुराचा थर बसलेला असला, तरी सरासरी हिरवी दिसू शकते. उलट रात्रभर खराब असलेली हवा दुपारी बारापर्यंत निवळते आणि आकडा मात्र लालच राहतो. खेळायला पाठवायचं की नाही हे त्या सरासरीवर ठरवू नका.

म्हणून चारपैकी दोन ॲप आजच काढून टाका. हवेसाठी मंडळाचं 'समीर' ठेवा. त्यात पूर्ण शहराचा आकडा बघत बसू नका, तुमच्या जवळचं केंद्र निवडा, निगडी किंवा भोसरी. केंद्र कधी बंद पडतं, तेव्हा शेजारचं पाहा. पुढच्या एक-दोन दिवसांचा अंदाज हवा असेल तर 'सफर' पाहा. ती यंत्रणा आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने उभी केली. २०१० मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी सुरू झाली आणि २०१३ मध्ये पुण्यात आली. पहाटेचं तापमान, आर्द्रता आणि वादळाचा इशारा यांसाठी हवामान खात्याचं 'मौसम' पुरे. समीर आणि मौसम, एवढी दोन रोजची. सफर लागेल तेव्हा.

आणि पट्टी वाचताना एक लक्षात ठेवा, ती सगळ्यांसाठी बनवलेली आहे. मंडळाच्या स्वतःच्या वर्णनातच ५१ ते १०० ला नाजूक लोकांना किंचित त्रास होऊ शकतो असं म्हटलंय, आणि १०१ ते २०० च्या 'मध्यम' पट्ट्यात दम्याच्या लोकांना श्वासाचा त्रास होईल असं स्पष्ट लिहिलंय. 'मध्यम' या शब्दाने आपण निर्धास्त होतो, तसं तुमच्या घरात होऊ नये. पहिली खूण १०१ ला करा.

घड्याळाचं थोडं सविस्तर सांगते, कारण त्यातच तुमच्या फुटबॉलचं उत्तर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्यात आभाळ निरभ्र असतं आणि रात्री जमीन झपाट्याने गार होते. जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार, असं उलटं चित्र तयार होतं आणि वरच्या उबदार थराचं झाकण बसतं. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, शेकोट्या आणि जाळलेला कचरा त्या झाकणाखाली कोंडतो. पहाटे पवनेच्या काठावर धुराचा जो पांढरट पट्टा लोंबकळताना दिसतो, तो हाच. ऊन चढलं की खालची हवा तापून वर जाते आणि दहा-अकरापर्यंत झाकण फुटतं. म्हणजे मुलांचे सराव ज्या सहा-साडेसहाला असतात, ती हिवाळ्यातली सर्वांत वाईट वेळ. त्यात हवा थंड आणि कोरडी. धावताना मूल तोंडाने श्वास घेतं, नाकात गरम-ओली होऊन जायची हवा तशीच छातीत उतरते आणि नळ्या आवळतात. उन्हाळ्यात हे उलटतं. मार्च ते मे पहाट चांगली असते आणि दुपारी कडक उन्हात ओझोन हा छातीला झोंबणारा वायू वाढतो. त्या दिवसांत दुपारी दोनचा सामना नको.

पावसाळ्यात तर ॲप तुम्हाला पार फसवेल. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस हवा धुऊन काढतो, आकडा तीस-चाळीसवर येतो, सगळीकडे हिरवंगार. आणि माझ्या दवाखान्यात घरघर करणाऱ्या पोरांची रांग असते. कारण जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात आणि सर्दीचे विषाणू बाकाबाकावरून फिरतात. मुलांचा दमा उसळवणारं सर्वांत मोठं कारण ही सर्दीच, आणि ती कुठल्याच हवेच्या ॲपमध्ये दिसत नाही. दुसरं कारण दमटपणा. आर्द्रता सतत चढी राहिली की गाद्या-उशांत धुळीचे किडे वाढतात, कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरते, आणि आपण त्याच खोलीत दोरी बांधून ओले युनिफॉर्म वाळत घालतो. पावसाळ्यात 'समीर' थोडं बाजूला ठेवा, 'मौसम'मधली आर्द्रता बघा आणि कपाट सरकवून भिंत बघा. पाऊस उघडला की गाजर गवत फुलतं. काँग्रेस गवत म्हणतो ते. १९५५ च्या सुमारास हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच. मोकळ्या प्लॉटवर, मैदानाच्या कडेला ते कमरेइतकं वाढतं. तुमच्या लेकाला सप्टेंबर-ऑक्टोबरात सारख्या शिंका येत असतील, डोळे चुरचुरत असतील, तर मैदानाची कडा एकदा जाऊन पाहा आणि प्रशिक्षकांना सांगून ते गवत फुलायच्या आधी काढून घ्या.

दिवाळी तोंडावर आली आहे म्हणून हेही आत्ताच सांगते. फटाक्यांची रात्र सगळ्यांच्या लक्षात असते. मला तिच्याआधीचे पंधरा दिवस जास्त नडलेले दिसतात, कारण तेव्हा माळे झाडले जातात, जळमटं काढली जातात, रंगकाम निघतं. झाडलोट असेल त्या दिवशी त्याला मावशीकडे पाठवा आणि रंग पुरता वाळून वास जाईपर्यंत त्या खोलीत झोपवू नका. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या लावून घ्या, सकाळी मात्र नवाच्या आत उघडू नका.

आता मेलबर्न. नणंदेने सांगितलं ते खरं आहे, आणि त्यामागे मोठं दुःख आहे. २१ नोव्हेंबर २०१६ ला तिथे पारा ३५ च्या आसपास होता आणि संध्याकाळी वादळ आलं. पुढच्या तीसेक तासांत नेहमीपेक्षा तीन हजारांहून जास्त माणसं श्वास अडकला म्हणून रुग्णालयांत धावली. दहा जण गेले. कारण होतं राय गवताचे परागकण. अख्खा परागकण मोठा असतो, तो नाकातच अडकतो. वादळाच्या दमट हवेत तो फुटला की त्याचे अतिबारीक तुकडे होतात. वादळातून खाली कोसळणारा गार वारा ते तुकडे जमिनीलगत पसरवतो आणि ते थेट छातीच्या खोल नळ्यांत जातात. त्या संध्याकाळी ज्यांना त्रास झाला, त्यांतल्या अनेकांना आपल्याला दमा आहे हे ठाऊकच नव्हतं. त्यांना फक्त वसंतात शिंका यायच्या. आणि भारतीय, श्रीलंकन, आग्नेय आशियाई मुळाच्या लोकांचं प्रमाण तिथल्या वस्तीच्या मानाने जास्त होतं.

२०१७ पासून मेलबर्न ज्यात आहे ते व्हिक्टोरिया राज्य ऑक्टोबर ते डिसेंबर रोज अंदाज देतं. गवताच्या परागकणांची मोजणी आणि वादळाचा अंदाज एकत्र करून धोका कमी, मध्यम की जास्त हे तीन दिवस आधी सांगतात. नणंदेला माझा निरोप द्या. तिच्याकडे कुणालाही ऑक्टोबरात शिंका-खाज होत असेल, तर दमा नाही असं समजून बसू नका. तिथल्या डॉक्टरांना भेटा, निळा पंप घरात ठेवा, धोका जास्त असलेल्या दिवशी वादळ यायच्या आधी दारं-खिडक्या लावून आत बसा.

आपल्याकडे हुबेहूब तसा अंदाज नाही. मेलबर्नच्या उत्तरेला-पश्चिमेला राय गवताची मैलोगणती कुरणं आहेत, तशी पुण्याभोवती नाहीत, म्हणून त्या भीतीने झोप घालवू नका. पण वळवाचा पाऊस आपल्याकडेही एकाएकी येतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग जमतात आणि सरीच्या आधी धुळीचा लोट उठतो. हवामान खातं पुढच्या तीनेक तासांचा विजा-वादळाचा इशारा देतं, तो 'मौसम'मध्ये दिसतो. इशारा असेल तर धुळीचा लोट येण्याआधी पोराला घरात घ्या. मातीचा वास येऊ लागला, पाऊस नीट लागला की मग खिडकी उघडा.

इथवर सगळं बाहेरच्या हवेचं झालं. तुमच्या लेकाच्या छातीचा आकडा यातल्या कुठल्याच ॲपमध्ये नाही. तो तुम्हाला घरीच काढावा लागेल.

औषधाच्या दुकानात काही शे रुपयांत पीक फ्लो मीटर मिळतो. प्लास्टिकची नळी, वर सरकणारा काटा. उभं राहून, छाती भरून श्वास घेऊन, एका दमात जोरात फुंकायचं. तीनदा फुंकायचं, सर्वांत मोठा आकडा लिहायचा. सकाळी पंपाच्या आधी आणि संध्याकाळी. तो अगदी ठणठणीत असताना दोन-तीन आठवडे हे केलं की त्याचा स्वतःचा सर्वोत्तम आकडा कळेल. समजा तो २५० निघाला. मग २०० च्या वर तो ठीक, २०० ते १२५ सावध, १२५ च्या खाली तातडी. म्हणजे ८० टक्के आणि ५० टक्के, एवढाच हिशोब. रंग इथेही हिरवा, पिवळा, लाल, पण हे रंग त्याच्या फुप्फुसांचे आहेत. ॲप आणि मीटर यांत भांडण झालं तर मीटरचं ऐका.

एक शंभरपानी वही घ्या. रोज एक ओळ: सकाळचा फुंकर-आकडा, रात्री खोकला आला का, निळ्या पंपाचे पफ किती, पहाटेचं तापमान, जवळच्या केंद्राचा आकडा, सर्दी आहे का, आणि एका कोपऱ्यात त्या दिवशी वेगळं काय घडलं. ऑस्ट्रेलियाच्याच टास्मानिया राज्यात २०१५ पासून 'एअररेटर' नावाचं ॲप हेच करतं. लोक आपली लक्षणं नोंदवतात, ॲपकडे धूर, परागकण, तापमान यांची माहिती असते, आणि पुरेशा नोंदी झाल्या की तुमचा त्रास यातल्या कशाशी जुळतो ते दाखवतं. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, कारण दम्याची दोन मुलं सारखी नसतात. एकाला थंडी बाधते, दुसऱ्याला मांजर. आपल्याला ते काम वहीने करता येतं. वहीला मुलाचं नाव, पत्ता आणि आजार कुठल्या कंपनीच्या हवाली करावा लागत नाही, हाही मला फायदाच वाटतो.

वही काय दाखवते याचं एक उदाहरण सांगते. माझ्याकडे एक आठ वर्षांची मुलगी यायची. आईने दोन महिने नेमाने वही लिहिली होती. आम्ही दोघी पानं उलटत बसलो तर शुक्रवारी सकाळचा आकडा जवळजवळ दर आठवड्याला पडलेला. ॲप त्या दिवशी हिरवं, पाऊस नाही, सर्दी नाही. गुरुवारी काय असतं म्हणून विचारलं. गुरुवारी संध्याकाळी आजोबांची दत्ताची आरती, दहा बाय दहाच्या खोलीत, दार लावून, धुपाटणं भरून धूप. आजोबांना जेव्हा वही दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आरती चालूच राहिली, धुपाटणं मात्र अंगणात तुळशीपाशी गेलं, आणि शुक्रवारचे आकडे सावरले. तुमच्याही घरात उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल काय लागतं ते लिहा. एक कॉइल जळताना निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात असं २००३ मधल्या एका मोजणीत आढळलं होतं. समीरचं केंद्र निगडीला असतं, तुमच्या बेडरूममध्ये नसतं. कॉइल आजच बंद करा, मच्छरदाणी लावा.

दोन-तीनदा जुळलं म्हणजे कारण सापडलंच असंही धरू नका. पाच-सहा वेळा तसंच घडू द्या. आणि सर्दीचे दिवस हिशोबातून वेगळे काढा, नाहीतर सगळं खापर थंडीवर फुटेल.

मग ती वही घेऊन दिवाळीनंतर तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्याकडून एक कागद लिहून घ्या. कोणत्या आकड्याला काय करायचं, किती पफ, किती वेळाने, कधी फोन, कधी थेट दवाखाना. तो फ्रिजवर चिकटवा, एक प्रत शाळेत, एक प्रशिक्षकांकडे. अंदाज वाचून नेमकं काय बदलायचं हे आधी ठरलेलं असलं की सकाळची धडधड कमी होते. माझ्या मते अंदाज खराब असला तर चारच गोष्टी बदलायच्या: खेळाची वेळ, खिडक्या, निळा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ प्लास्टिकची नळी) दप्तरात आहे ना हे पाहणं, आणि संध्याकाळी एक जादा फुंकर. रोजचा पंप वाढवायचा का, हे डॉक्टरांनी त्या कागदावर लिहिलं असेल तरच.

फुटबॉल बंद करू नका. अजिबात नको. खेळणाऱ्या मुलाचा दम वाढतो, आणि दहा वर्षांच्या मुलाला घरात बसवून आपण त्याला आजारी असल्याची सवय लावतो. डिसेंबर-जानेवारीत प्रशिक्षकांना भेटून त्याला दुपारी चारच्या तुकडीत घालायला सांगा, सूर्य मावळायच्या आत घरी. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं हळू धावून अंग गरम करू दे. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळ सुरू होण्याच्या पंधरा मिनिटं आधी निळ्या पंपाचे पफ. आकडा १०१ ते २०० असेल आणि सकाळची फुंकर हिरवी असेल, तर खेळू दे, मध्ये थांबत-थांबत. २०० च्या वर गेला तर त्या दिवशी घरात कॅरम. फुंकर पिवळी असेल तर हवा कितीही चांगली असू दे, त्या दिवशी तो बाहेर बसून टाळ्या वाजवेल. कापडी मास्क बांधून पळवू नका, बारीक कण त्याने अडत नाहीत. आणि हे सगळं करून, रोजचा पंप नेमाने घेऊनही दर सामन्यात त्याला खोकला येत असेल, तर ते मला किंवा तुमच्या डॉक्टरांना लगेच कळवा. तेव्हा पंप घ्यायची पद्धत तपासावी लागते. मुलं स्पेसर न लावता तोंडात फवारा मारतात आणि औषध जिभेवर बसतं. स्पेसर लावून, एका वेळी एक पफ, पाच-सहा शांत श्वास, आणि रोजचा पंप घेतल्यावर चूळ. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून आपोआप वाळू द्या, फडक्याने पुसू नका.

काही खुणा दिसल्या तर मात्र ॲप, वही, मीटर सगळं बाजूला टाका. एक वाक्य पुरं बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, किंवा निळ्या पंपाने आलेला आराम चार तासही टिकत नाही. कागदावर लिहिलेले पफ स्पेसरने द्यायला सुरुवात करा आणि निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. मागच्या वेळी मध्यरात्री तुम्ही पळालात ते बरोबरच केलंत.

वही मात्र तुम्ही लिहू नका. फुंकर त्यालाच मारू दे आणि आकडाही त्यालाच लिहू दे, तो दहा वर्षांचा आहे, त्याला जमेल. शनिवारी दोघांनी मिळून आठवड्याची रेघ आलेख-कागदावर काढा, एक रंग हवेचा, एक त्याचा. पहिलं पान भरलं की मला पाठवा, मी बघते.